वीस अक्षरांचा निरोप

एकोणतीस वर्षं चाललेला प्रोग्राम कायमचा बंद करायचा, तर ज्यानं तो लिहिला त्याला निदान एकदा विचारावं, एवढी माणुसकी त्याच्या जागी नवी सिस्टिम बसवायला आलेल्या रश्मीनं दाखवली. खरं सांगायचं तर माणुसकी कमी आणि अडचण जास्त होती. जुन्या फायलीतलं मराठी तिच्या लॅपटॉपवर उघडलं की नुसते चौकोन आणि टिंबं दिसायची, आणि त्यातून वाट काढील असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच उरला होता. तो अमरावतीला राजापेठेच्या मागच्या गल्लीत राहत होता, सकाळी तासभर फिरायला जात होता आणि आपल्याला कोणीतरी कामाला बोलवील म्हणून निवृत्तीपासून वाट बघत होता.

त्याचं नाव धर्मपाल इंगळे. अकोल्याला सरकारी नोकरीत आकडेवारीच्या टेबलावर त्याची उमेदीची वर्षं गेली. तिथंच तो कॉम्प्युटर शिकला, आणि १९९५ साली रविवारच्या रविवारी बसून, एक पैसा न घेता, एका ट्रस्टच्या रक्तपेढीसाठी त्यानं रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम लिहिला. फॉक्सप्रो नावाच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हाच्या मशीनची हार्ड डिस्क ऐंशी एमबीची होती, आजकाल लग्नाचे चार व्हिडिओ आले की एवढी जागा संपते. मराठी दिसावं म्हणून मशीनच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवावं लागायचं. ट्रस्टनं शाल आणि नारळ दिला. नारळाची दुसऱ्या दिवशीच चटणी झाली, शाल अजून कपाटात होती, आणि प्रोग्रामही चालू होता. मशीन चार वेळा बदललं, माणसं तर किती बदलली त्याची गणतीच नाही.

धर्मपाल सरांना त्या प्रोग्राममधल्या एका गोष्टीचा जबर अभिमान होता. ती म्हणजे दात्याचा नंबर. पहिले दोन आकडे तालुक्याचे, पुढचा एक रक्तगटाचा, मग दोन वर्षाचे आणि शेवटी अनुक्रम. नंबर वाचला की माणूस डोळ्यांपुढे उभा, असं ते सांगायचे. पाहुण्यांना सांगायचे, सुनेला सांगायचे, एकदा तर दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याला सलाईन लावलेलं होतं, उठून जाता येत नव्हतं.

रश्मीनं दोन दिवस त्यांच्या समोरच्या खोलीत लॅपटॉप मांडून अक्षरं सोडवली. सरांनी कागदावर जुन्या खुणांचा तक्ता काढून दिला, तिनं तो घातला, आणि तिसऱ्या दिवशी सगळी यादी स्वच्छ मराठीत पडद्यावर आली. सात हजारांवर नावं. सरांचा ऊर भरून आला. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, तुमचा नंबर मी नव्या सिस्टिममध्ये घेऊन नाही राहिली."

"काहून?"

"त्यातलं काहीच आता खरं नाही न. वाशीम वेगळा जिल्हा झाला, त्या तालुक्यांचे कोड लटकले. माणसं गाव सोडून गेली, नंबर गावातच राहिला. आणि दोन हजार साली दिलेला नंबर पंच्याण्णवच्या आधी येऊन बसते. नंबरनं फक्त नंबर असावं, सर. त्यात माहिती कोंबली की ती सडते."

बोलणं काही वावगं नव्हतं. सरांनाही ते कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं. "जिल्हा तोडताना मले कोणी विचारलं होतं का?" एवढं ते बोलले आणि चहा सांगायला आत गेले. आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. एकोणतीस वर्षं पोटच्या पोरासारखा तो नंबर त्यांनी सांभाळला होता, आणि ह्या पोरीनं तो दोन वाक्यांत निकालात काढला.

सरांचा हा रुसवा आठवडाभर चालला. आणि मग खुशीचा फोन आला. म्हणजे तिच्या नवऱ्याचा.

खुशी मोर्शीची, चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. अमरावतीच्या एका दवाखान्यात तिचं नाव घातलेलं होतं. तपासणीत तिचा रक्तगट निघाला बॉम्बे. हा गट दिसायला ओ सारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचं लागतं, आणि असा माणूस दहा हजारांत एखादा. डॉक्टरांनी नऊ दिवसांनी सिझेरियन ठरवलं होतं आणि दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय टेबलावर घेणार नाही म्हणून सांगितलं होतं. अमरावतीत मिळेना, नागपुरात मिळेना, म्हणून अकोल्याच्या रक्तपेढीत चौकशी आली.

अकोल्याच्या यादीत बॉम्बे गटाचे नऊ जण होते, कारण असा एक सापडला की पेढी त्याच्या नात्यातल्यांनाही तपासून घ्यायची. आता नव्या सिस्टिमचा नियम असा, की दात्यानं कधीकाळी पेढीला दिलेल्या मोबाइल नंबरावर ओटीपी जाणार, त्यानं तो टाकला तर दाता जिवंत, नाही टाकला तर नाव राखाडी रंगात खाली ढकललं जाणार. नऊपैकी चौघांनी ओटीपी टाकला. एक सुरतेला होता. एकाला नुकतीच कावीळ झालेली. एकानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. चौथा मात्र भला माणूस, तो दुसऱ्या दिवशी येऊन झोपला आणि एक पिशवी झाली. उरली एक. आणि खाली राखाडी रंगात पाच नावं.

रश्मीनं त्या पाचांची जुनी नोंद उघडली. फोनच्या रकान्यात नंबर होते. सरांनी त्या काळी मोठ्या हौसेनं गावोगावच्या एसटीडी बूथांचे नंबर गोळा करून घातले होते, तीही त्यांच्या अभिमानाची एक पोटशाखा. रश्मीनं पाचही लावून पाहिले. पाचही बंद. त्या बूथांच्या जागी आता कुठं मोबाइल रिचार्ज, कुठं पाणीपुरी असेल.

"सर, शेवटी एक रकाना आहे. नाव दिलंय 'इतर'. मी तो घेतलाच नव्हता," ती म्हणाली. "यात काहीतरी आहे, पण सगळं अर्धवट आहे."

मनोज तायडे या नावापुढे लिहिलं होतं, हिवरखेड स्टँडसमोरच्य. दुसऱ्या एका नावापुढे, बार्शीटाकळी शाळेमागच. बाकी तिघांपुढे काहीच नव्हतं.

"स्टँडसमोरच्य काय? हे असं काहून तुटलं?"

सरांनी पडद्यावर बोट ठेवून अक्षरं मोजली. "तेव्हा जागा कमी असे," ते म्हणाले. "त्या रकान्याले वीसच अक्षरं दिली होती. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्याले एकेक जागा लागे."

हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि पूर्ण खरं काय ते ह्या घरात त्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. रक्तपेढीत दुर्गाबाई नावाच्या एक शिपाईबाई होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण कोणत्या गावाला कोणती एसटी किती वाजता जाते ते तोंडपाठ. दात्याला बोलवायचं तर चिठ्ठी घेऊन त्याच जायच्या. धर्मपाल सर प्रोग्राम लिहायला बसले तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, निरोप कोनापाशी ठिवायचा ते बी लिवा. मानूस घरी सापडत नसते. वावरात जाते, मजुरीले जाते, जागा सोडून जाते. पन त्याचा निरोप घेनारं कोनी एका जागी बसेल असते. भाजीवाली, फुलवाली, चक्कीवाला. त्याचं नाव लिवा."

सरांना ते हास्यास्पद वाटलं. कॉम्प्युटरमध्ये भाजीवाली घालायची? पण बाई हटेनात. शेवटी त्यांची कटकट मिटावी म्हणून त्यांनी अगदी टोकाला एक रकाना काढून दिला, नावसुद्धा धड दिलं नाही, इतर म्हणून टाकलं, आणि वीस अक्षरं दिली. जागा खरंच नव्हती का? होती की. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हौसेखातर दात्याचा हुद्दा आणि पदवी लिहायला चाळीस अक्षरांचा रकाना होता. सात हजार नावांत तो भरलेला होता एकशेबारा ठिकाणी. मग दुर्गाबाई शेजारी बसून सांगायच्या आणि सर टाइप करायचे. विसावं अक्षर झालं की सर हात वर करायचे. "बस. भरलं." बाई वाक्याच्या मधेच थांबायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. असे पाच-सहा रविवार गेले. कधीतरी बाईंनी विचारलं होतं, थोडी जागा वाढत नाही का, आणि सर म्हणाले होते, नाही, जागा नाही.

आता ती अर्धी वाक्यं पूर्ण करील असं जगात एकच माणूस होतं. ते हयात आहे का, तेही सरांना माहीत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी बाईंची विचारपूस केलेली नव्हती. लाज वाटावी अशीच गोष्ट, आणि त्यांना ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीच्या गाडीतून दोघं अकोल्याला गेले. रक्तपेढीत दुर्गाबाईंचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. त्या निवृत्त झाल्यावर आलेल्या माणसांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. सर फाटकाबाहेर आले, तर समोर एक बाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. सरांनी तिला विचारलं.

"दुर्गाबाई न? गावातच, अकोट फैल वस्तीत राह्यतात. विहारामांगं, निळं दार," ती जुडी न सोडता म्हणाली. "सांगजा त्याईले, गुडघ्याचं तेल आनून ठिवलं म्हनून."

रश्मीनं सरांकडे बघितलं. सर गाडीकडे चालू लागले होते.

निळं दार उघडंच होतं. दुर्गाबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. सत्त्याहत्तरीच्या, डोळ्यांना जाड भिंगं, पण नजर तीच.

"जयभीम, बाई," सर म्हणाले. "ओळखलं का?"

"जयभीम. ओळखलं न. इंगळे सायेब. केस गेले तुमचे," बाई म्हणाल्या. "बसा. हे कोन, सून काय?"

रश्मीनं आपण कोण ते सांगितलं, खुशीचं सांगितलं आणि लॅपटॉप पुढे केला. बाईंनी तो हातानं बाजूला सारला. "मले काय दिसते त्याच्यात. वाचून दाखव."

"बार्शीटाकळी शाळेमागच," रश्मीनं वाचलं.

"शाळेमांगचा चक्कीवाला. पन तो दाता गेला, बाई. तेरा वर्सं झाले. मयतीले मी गेली होती. दुसरं सांग."

"हिवरखेड स्टँडसमोरच्य. मनोज तायडे."

"स्टँडसमोरच्या पार्वताबाई. हार-फुलं इकते. वडाच्या अंगानं नाई, औषधाच्या दुकानाच्या अंगानं बसते. हे समदं सांगतलं होतं मी तवा." बाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि सरांकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जसं घडलं तसं त्या सांगत होत्या. "सायेबांनी म्हनलं जागा नाई."

चाळीस अक्षरांचा तो हुद्द्याचा रकाना सरांना आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. निघताना एवढंच म्हणाले, "बाई, फाटकावरच्या मेथीवालीनं तेल आणून ठेवलंय म्हणे." बाई म्हणाल्या, बरं झालं.

अकोटवरून हिवरखेडला पोचेपर्यंत बारा वाजले. स्टँडसमोर फुलांची पाच दुकानं झाली होती, त्यातली दोन तर चांगली काचेची. औषधाच्या दुकानाच्या अंगाला मात्र पोतं टाकून एक साठीच्या पुढची बाई झेंडू ओवत बसली होती. सुई चालू, तोंडात दोऱ्याचं टोक.

"पार्वताबाई तुम्हीच का?" सरांनी विचारलं. "अकोल्याच्या रक्तपेढीतून आलो. मनोज तायडेले निरोप होता."

पार्वताबाईंनी दोरा तोंडातून काढला. "दुर्गाबाई बऱ्या हायेत न?" त्यांनी आधी हे विचारलं. "लय वर्सं झाले, निरोपच नाई आला. मले वाटलं गेल्या का काय."

"बऱ्या आहेत. त्यांनीच पाठवलं."

"मंग ठीक हाय." बाईंनी हार मांडीवरून खाली ठेवला. "मनोज आता अथी नाई राह्यत. आंधी तेल्हाऱ्याले होता, मंग अकोटले कापसाच्या जिनिंगमध्ये होता, आता चार वर्सं झाले, अडगावले सासऱ्याचं वावर करते. केळी लावली. दिवाळीत आला होता, तवा सांगून गेला. नंबर बी देल्ला त्यानं." त्यांनी पोत्याखालून एक मळकी वही काढली आणि रश्मीपुढे धरली. त्यात बऱ्याच जणांचे नंबर होते.

रश्मीला राहवलं नाही. "मावशी, एवढ्या वर्षांत कोणी विचारायला आलं नाही, तरी तो तुम्हाले सांगून जाते?"

"दुर्गाबाईंनी सांगतलं होतं न त्याले. गाव सोडशीन तर पार्वताबाईले सांगून जाय, तुयं रक्त येगळं हाय. तवा पोट्टं होता, पंचवीस वर्साचा. घाबरला होता का काय, कोन जाने. पन येते सांगाले. तीन डाव गाव बदललं त्यानं, तीन्ही डाव सांगून गेला. आणि मले सांगतलं होतं दुर्गाबाईंनी, ध्यानात ठेवजा. मी ठिवलं."

रश्मीनं तिथंच फोन लावला. तिकडून मोटारपंपाचा आवाज येत होता. मनोजनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त दोन गोष्टी विचारल्या, कधी यायचं आणि जेवून यायचं का उपाशी. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो अकोल्याला हजर होता, चोपन्न वर्षांचा, उन्हानं काळवंडलेला, पायात चिखल वाळलेले बूट. तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. पिशवी भरत असताना तो छताकडे बघत पडला होता. ओटीपी आलेला होता का, असं रश्मीनं विचारलं तर म्हणाला, जुन्या नंबरावर आला असंन, ते सिम केव्हाच बंद झालं. नव्या सिस्टिमच्या हिशेबानं हा माणूस मेलेला होता, आणि तो बिस्किटाचा पुडा फोडून चहात बुडवत होता.

संध्याकाळपर्यंत पिशवी बर्फाच्या पेटीतून अमरावतीला गेली. ठरल्या दिवशी खुशीचं ऑपरेशन झालं. रक्तस्राव बराच झाला आणि दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली. खुशीच्या नवऱ्यानं रक्तपेढीत पेढे पाठवले. आभार कोणाचे मानायचे हे त्याला माहीत नसल्यामुळे डब्यावर चिठ्ठी होती, कॉम्प्युटर विभागास.

तो डबा घेऊन सर पुन्हा अकोट फैलात गेले. बरोबर रश्मी होती. तिनं नव्या सिस्टिममध्ये एक रकाना वाढवला होता, आणि त्याला निरोप असंच नाव दिलं होतं. तिच्या वरिष्ठांनी फोनवर विचारलं, याचं काय काम, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे. तिनं मनोजचं राखाडी नाव दाखवलं, मग त्यांनी रकाना मंजूर केला. जुन्या यादीत साडेतीनशे नावांपुढे अर्धी वाक्यं होती. ती पूर्ण करून घ्यायची होती, जेवढी बाईंना आठवतील तेवढी.

"सर, किती अक्षरं ठेवू?" तिनं गाडीतच विचारलं होतं.

"मोजू नको," सर म्हणाले होते. "सांगतील तेवढं मावलं पाहिजे."

टाइप मी करणार, असा हट्ट सरांनी धरला. पलंगाशेजारी खुर्ची ओढून त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. रश्मी खाली चटईवर बसून जुनी यादी वाचणार होती. दुर्गाबाईंनी एक पेढा खाल्ला, पदराला हात पुसले आणि चष्मा सरळ केला.

रश्मीनं पहिलं नाव वाचलं. बाईंनी थोडा विचार केला.

"मूर्तिजापूर टेसनाभ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

सरांची बोटं बटणांवर होती. त्यांना वाटलं बाईंना पुढचं आठवत नाही. त्यांनी वर बघितलं. बाई त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, तो हात वर होतो का म्हणून. एकोणतीस वर्षांपूर्वीची ती वाक्यं जिथं तुटली होती तिथंच त्या आजही आपणहून तोडत होत्या.

"मावलं का, सायेब?" त्यांनी विचारलं.

सरांनी हात बटणांवरच ठेवला. "मावलं, बाई," ते म्हणाले. "जागा हाय. सांगा पुढं."

"टेसनाभाईरचा केळीवाला," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा थांबून त्यांच्या हाताकडे बघू लागल्या.